बाद झालेला गडी

पुण्याहून आलेल्या त्या पोराने मामाजींच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाद झालात. उठा आता." एवढंच. आवाज चढवला नाही, हसून म्हणाला, वर "प्लीज"सुद्धा म्हणाला. पण माझ्या हातातला चहा बशीत सांडला. मामाजी म्हणजे माझे सासरे, पंजाबराव. ते उठले नाहीत. ऐकू कमी येतं म्हणून की ऐकू आलं म्हणून, देव जाणे. खुर्ची तिरकी करून शेजारच्या गड्याच्या पानांत डोकावत बसले, तसे ते आमच्या दुकानात रोज संध्याकाळी बसतात. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते इथेच बसतात." तो म्हणाला, "पण ते बाद आहेत ना, मॅडम?" वाशीमच्या त्या मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली, पंखे घरघरत होते, पलीकडे कोणीतरी पोह्यांवर लिंबू पिळत होतं आणि माझ्या मनात एकच वाक्य घुमत राहिलं: बाद आहेत ना. माणूस बाद असला तर उठतो, हे त्या पोराला इतकं स्वच्छ ठाऊक होतं की मला त्याचा हेवा वाटला. पोराचं नाव प्रसेनजित. छातीवर खेळ बनवणाऱ्या कंपनीचा बिल्ला, दाढी कोरलेली, वागायला गरीब. त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येईना, याचीच जास्त चीड आली.

आमचं दुकान वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला, वाशीम रोडला लागून. पुढे वह्या, पेनं, कंपासपेट्या, राख्यांच्या दिवसांत राख्या. मागच्या भिंतीला खेळ. कॅरम, बुद्धिबळ, आणि अलीकडे हे नवे डब्यातले खेळ, पट आणि पानं आणि लाकडी सोंगट्या असलेले. असले डबे विकणं म्हणजे डोकेदुखी. गिऱ्हाईक डबा हातात घेतं, उलटसुलट करतं, विचारतं, "काय असते याच्यात?" सांगून कळत नाही, खेळून कळतं. खेळवायचं तर डबा फोडावा लागतो, आणि फोडलेला डबा कोणी घेत नाही. पूर्वी व्हायचं असं की रिसोडच्या दुकानदाराने डबा फोडून माणसं शिकवायची आणि त्यांनी वाशीमला येऊन दोन पैसे स्वस्तात कोरा डबा न्यायचा. यावरून चांगली हमरीतुमरी व्हायची. मग सगळ्यांनी मिळून संघ काढला, जिल्ह्यातल्या खेळणीवाल्यांचा आणि वही-पेनवाल्यांचा. नाव लांबलचक आहे, कोणी घेत नाही. संघाने एक रीत पाडली. नवा खेळ आला की एक डबा संघाच्या खर्चाने फोडायचा आणि तो फोडका डबा गावोगाव फिरवायचा. प्रत्येक दुकानदाराने दुकानात एक टेबल मांडायचं, येईल त्याला फुकट बसवायचं, शिकवायचं, आणि डबा पुढच्या गावी पाठवायचा. एसटीच्या कंडक्टरच्या हाती, दुधाच्या गाडीत, कोणाच्या मोटरसायकलवर. सोंगटी हरवली तर बदली सोंगटी संघ मागवतो. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असं काही मी ऐकलेलं नाही. मोबाइलपुढे सगळीकडचे खेळ बसले, आमच्याकडचे उभे आहेत ते या फोडक्या डब्यामुळे. हे मी अभिमानाने सांगत नाही. मला खेळांचं फारसं कौतुक नाही. आहे ते सांगते.

तर 'काफिला' नावाचा खेळ याच रीतीने आला होता. वाळवंट, उंट, व्यापारी, पाण्याची पानं. पाणी संपलं की तो व्यापारी बाद. डबा आमच्या दुकानात फुटला तेव्हाचा वास मला अजून येतो, नव्या पुठ्ठ्याचा आणि सरसाचा. त्याच पावसाळ्यात हरीओम, माझा नवरा, नागपूरला गेला होता. माल आणायला जातो म्हणाला. माल आला, तो आला नाही. मग फोनवर म्हणाला की तो तिथेच राहणार आहे, आणि एकटा नाही. सांगताना आवाज असा की जणू वह्यांचा भाव सांगतोय. मी फोन ठेवला आणि दुकानात जाऊन कंपासपेट्या पुसत बसले, एकूण एक. रडू आलं नाही. लाज आली. आपल्याला सोडून कोणी गेलं की लाज आपल्याला का यावी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. आसेगावहून माझी आई तुळसाबाई आली, वांगी आणि मेथीची जुडी घेऊन, नेहमी बाजाराला निघते तशी. म्हणाली, "चाल घरी. आता इथं काय हाये तुयं?" मामाजी ओट्यावर बसले होते. त्यांच्या पोराबद्दल बोलणं चाललेलं, ते खाली बघत होते. मी म्हटलं, चार दिवसांनी येते. कपड्यांची पिशवी भरून ठेवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दुकानात 'काफिला'चा डाव मांडला होता. एक गडी कमी होता म्हणून मला बसवलं. माझं लक्ष कुठे असणार, माझं पाणी सगळ्यांत आधी संपलं. मी पानं खाली ठेवली आणि उठले. आत जाऊन पिशवी उचलायची आणि शेवटची गाडी पकडायची असं मनात पक्कं झालं होतं. मामाजी पानांतून डोकं वर न काढता म्हणाले, "कुठं चालली? बस." मी म्हटलं, "मी बाद झाले, मामाजी." ते म्हणाले, "मंग? बाद झालेला गडी उठत नाई. खुर्ची सरकवते अन् दुसऱ्याच्या बाजूले बसते. पाहुणा होते त्याचा. दोघं मिळून खेळतेत. नियमच हाये तसा." माहितीपत्रक मी सकाळीच वाचलं होतं, इंग्रजी आणि हिंदी दोन्ही. असा काही नियम त्यात नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीचे दोघं पोट्टे "हो का, हो का" म्हणत सरकले. मी खुर्ची ओढली आणि मामाजींच्या बाजूला बसले. डाव संपला तेव्हा गाडी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी केली, कोणी काही विचारलं नाही. आणि डबा पुढे गेला. डब्याबरोबर पाहुण्याचा नियमही गेला, कारण पुढच्या दुकानदाराला शिकवायला आमचंच माणूस जातं. रिसोड, केनवड, मंगरूळपीर, सगळीकडे आता 'काफिला' असाच खेळतात. बाद झालेला उठत नाही. डाव संपता संपता टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला एक असं दृश्य दिसतं, आणि तो एकटा बहुतेक हरतो. लोकांना तेच आवडतं. कोणी रुसून घरी जात नाही. पुढे दुसरे खेळ आले, त्यांनाही लोकांनी हाच नियम लावला. बुद्धिबळाला तेवढा लागत नाही म्हणून ते वाचलं.

हे सगळं मी त्या बशीत सांडलेल्या चहाकडे बघत आठवत होते आणि प्रसेनजित रामकिसनभाऊंना बाजूला घेऊन काहीतरी समजावत होता. रामकिसनभाऊ रिसोडचे, संघाचे अध्यक्ष. पोट सुटलेलं, मन मोकळं, तोंड त्याहून मोकळं. संघाची वार्षिक बैठक होती, आणि या वेळी बैठकीपुढे हाच विषय होता, पाहुण्याचा नियम. झालं होतं असं की केनवडची संस्कृती म्हणून एक मुलगी, बारावीतली, आपल्या जिल्ह्यातून निवडून नागपूरला स्पर्धेला गेली. पहिल्या फेरीत पाणी संपलं. झालं, हिने सवयीने खुर्ची सरकवली, शेजारणीच्या बाजूला जाऊन बसली आणि तिला सांगायला लागली, हे पान टाक, ते टाकू नको. पंचांना वाटलं ही लबाडी करते. तिला स्पर्धेतून काढलं आणि तिच्याबरोबर त्या बिचाऱ्या शेजारणीलाही काढलं. दोघी रडत बाहेर आल्या. संस्कृती म्हणत होती, "पन नियमच हाये ना तसा!" आपल्या जिल्ह्याच्या बाहेर असा नियम नाही हे पोरीला माहीतच नव्हतं. कसं असणार? तिला पहिल्यापासून तसंच शिकवलेलं. आता कंपनी म्हणत होती, तुमचा संघ चांगला, तुमची फोडक्या डब्याची रीत आम्हाला फार आवडली, आम्ही टेबलं देतो, सोंगट्या देतो, तुमच्या पोरांना राज्याच्या स्पर्धेत थेट घेतो. पण खेळ छापलेल्या नियमाने खेळवा. म्हणणं सरळ होतं. मला त्यात खोट काढता येत नव्हती, म्हणून आदल्या रात्रभर मी कूस बदलत होते.

मला एकच दिसत होतं. मामाजींची नजर आता अधू झालीय, हात कापतो, हातातली पानं दुसऱ्यांना दिसतात. रोज संध्याकाळी टेबलावर पहिले बाद होतात ते. मग खुर्ची तिरकी करून कोणाच्यातरी शेजारी बसतात, दुकान बंद होईपर्यंत. पोरं त्यांना विचारतात, आजोबा, हे टाकू का. त्यांना पान नीट दिसतही नाही, पण "टाक बिनधास्त" म्हणतात, आणि कधीकधी बरोबरही येतं. नियम गेला तर पहिल्या पाच मिनिटांत उठायचं आणि आत जायचं. आत काय आहे? बाज आहे, भिंत आहे, भिंतीवर हरीओमच्या आईचा फोटो आहे. मी दिवसभर दुकानात. माणूस भिंतीकडे बघत बघत संपतो हे मी आसेगावला माझ्या आजोबांचं पाहिलंय. त्यांच्यासाठी मी रोज ते टेबल मांडते. कंबर दुखत असली तरी, गिऱ्हाईक नसलं तरी, एखाद्या दिवशी चौथा गडी मिळत नाही म्हणून मीच बसते. मला खेळाचा कंटाळा आहे, सांगितलंच मघाशी. उंट बघून मळमळतं. पण म्हातारा माणूस संध्याकाळची वाट बघतो, आपण काय एवढं करू शकत नाही? शुभांगी, माझी मैत्रीण, पुण्याला शाळा चालवते, दोनदा म्हणाली की ये, ऑफिसात बसशील, माणसांत येशील. मी म्हटलं मामाजींना सोडून कशी येऊ. असं म्हणताना बरं वाटायचं. आपल्याला जाता येत नाही याचं कारण दुसऱ्याच्या नावावर असलं की झोप चांगली लागते.

जेवणं झाली, वांग्याची भाजी, पोळ्या, कढी, बुंदी. मग बैठक. रामकिसनभाऊंनी माईक हातात घेतला आणि फूफू केलं. "हे पाहा, कोनाच्या मनात किल्मिष नाई. पाहुन्याचा नियम आपला हाये, आपल्याले गोड हाये. पन पोट्ट्यायचं नुकसान होऊन राह्यलं. बोला कोनाले बोलाचं ते." बुंदी खाल्लेली माणसं, डोळ्यांवर झापड. मी उभी राहिले. मी बोलायचं काय ते पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, "नागपूरचं नागपूरला. तिथे त्यांच्या नियमाने खेळू, पोरींना दोन्ही शिकवू. पण आपल्या टेबलावर आपला नियम का काढायचा? खेळ विकायला संघ आहे, कबूल. पण माणसं संध्याकाळी आपल्याकडे येतात ती जिंकायला येतात का? बाद झालं तरी बसता येतं म्हणून येतात." मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर हाये वं ताई." टाळ्याही दोन-चार पडल्या. मग संस्कृती उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, बापाबरोबर आलेली. ती म्हणाली, "काकू, तुमी म्हनता दोनी शिकवू. पन आंगातली सवय हातातून जात नाई ना. मले मालूम असतं तरी मी खुर्ची सरकवलीच असती. अन् मले खरं सांगा, आपन पाहुना होऊन बसतो ना, तं आपला डाव आपन कवाच नीट खेळत नाई. मनात असतेच, हरलो तरी बसाचंच हाये." पोरगी खाली बसली. मीही बसले. एवढीशी पोरगी, आणि माझ्या घरात डोकावून आल्यासारखी बोलली.

"चला, हात वर करा," रामकिसनभाऊ म्हणाले. "छापील नियम पायजे म्हननारे." संघात एका दुकानाला एक हात. आमचं दुकान मामाजींच्या नावावर, म्हणून हात त्यांचा. मी त्यांना सकाळी गाडीतच समजावलं होतं, आधी विचारतील तेव्हा हात खाली, नंतर विचारतील तेव्हा वर. त्यांनी मान डोलावली होती. आता हात वर जायला लागले, एक, दोन, मग पुढच्या ओळीतले बरेच. आणि माझ्या शेजारी मामाजींचा हात वर गेला. कापत होता, पण वर होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मामाजी, आता नाही, नंतर. खाली घ्या." त्यांनी खाली घेतला नाही. मी जोरात म्हटलं, "अहो, हे त्यांचं चाललंय, आपलं नाही!" आजूबाजूचे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखाने नाही, वैतागाने. म्हातारपण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतोय हेही या माणसाला कळेना. रामकिसनभाऊंनी मोजलं, आणि मोजण्यासारखं फारसं नव्हतंच. पाहुण्याचा नियम गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी माझ्याकडे बघून अर्धवट वाजवल्या.

मग रीत म्हणून मधल्या टेबलावर नव्या नियमाने पहिला डाव मांडायचं ठरलं. रामकिसनभाऊ म्हणाले, "डबा पंजाबभाऊच्या दुकानातच फुटला होता, पह्यला डाव त्यायचा." म्हणून मामाजी, मी, रामकिसनभाऊ स्वतः, आणि चौथा प्रसेनजित. भोवती माणसं उभी. प्रसेनजितने पानं वाटली, काय सफाईने वाटली. मी पानं उचलली आणि तशीच हातात धरली. माझं सगळं लक्ष मामाजींच्या बोटांकडे. त्यांनी पहिल्याच फेरीत पाणी टाकलं, दुसऱ्या फेरीत पुन्हा पाणी. असं कोणी करत नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते, नका, राखा, थोडं राखा. त्यांनी शेवटचं पाणीही टेबलावर ठेवलं, मोकळे हात झटकले आणि म्हणाले, "झालं माह्यं." प्रसेनजित आता शहाणा झाला होता, तो काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. मला वाटलं, आता कोणीतरी या माणसाला उठवणार आणि माझ्याच्याने ते बघवणार नाही. मी म्हटलं, "भाऊ, आजच्या दिवस बसू द्या त्यांना. माझ्याजवळ बसू द्या." रामकिसनभाऊ विरघळले, "हो हो, आजच्या दिवस काय—"

"कायले?" मामाजी म्हणाले. टेबलावर दोन्ही तळवे टेकवून ते उठत होते. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "नियम गेला ना आता? हात वर केला म्या. समजून केला."

"मामाजी, पण तुम्ही मग रोज संध्याकाळी कुठे—"

"मी कटाळलो वं," ते म्हणाले, इतक्या साधेपणाने की मला आधी अर्थच लागला नाही. "दिसत नाई, ऐकू येत नाई, पाठ दुखते. उंट उंट उंट. कवाचा कटाळलो. शेजारचा भिकाजी रोज आवाज देते, पारावर चाल, भजनाले चाल. मी म्हनतो, नाई बाप्पा, टेबलावर बसा लागते."

"का बसा लागते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी नव्हतं पाहिलं, आज पाहिलं. "मी उठलो असतो तं तू बी उठली असती. अन् तवा तुले जागा नोती कुठं जाले. आता तसं नाई. आता तुले कोनी बोलावते तं तू माह्यं नाव सांगते. ऐकू कमी येते मले, पन फोनवर तू लय जोरात बोलते."

सभोवतालचे लोक हसले, त्यांना यातलं काय कळलं कोण जाणे. मामाजींनी टोपी सारखी केली, कोणाच्यातरी खांद्यावर हात ठेवला आणि तंबाखूची चंची चाचपत बाहेर गेले. दारातून ऊन आत आलं होतं, त्यात त्यांची सावली जरा वेळ दिसली. मागे वळून बघायची त्यांना गरज वाटली नाही.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. माझ्या त्या सगळ्या संध्याकाळी, ती कंबर, ते उंट! मी त्यांच्यासाठी बसत होते आणि ते माझ्यासाठी बसत होते, आणि दोघांनाही भूक नसताना एकमेकांसाठी भाकर राखून ठेवावी अन् ती रोज शिळी व्हावी, तसं आमचं चाललं होतं. एका शब्दाने बोलायला काय झालं होतं? मलाही काय झालं होतं? मग राग ओसरला आणि त्याच्याखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. मी मोकळी होते. केव्हाची मोकळी होते कोण जाणे. आता कोणाचं नाव सांगायचं? शुभांगीचा पुन्हा फोन आला तर काय सांगायचं? भीती वाटली, सासरी पहिल्या रात्री वाटली होती तशी. उठून बाहेर जावं, मामाजींना गाठावं, म्हणावं चला घरी, असं पायांत आलं. पण मी बाद नव्हते. ज्याचं पाणी शिल्लक आहे त्याने मधूनच उठायचं, असा नियम कुठेच नाही, त्यांच्याकडे नाही आणि आमच्याकडेही नव्हता.

"मॅडम," प्रसेनजित हळूच म्हणाला, "तुमची खेळी."

मी हातातली पानं उलगडली. वाटल्यापासून मी ती पाहिलीच नव्हती, नुसती धरून बसले होते आणि आलं ते टाकत होते. घामाने कडा ओलसर झाल्या होत्या. एकेक करून नीट पाहिली. पानं चांगली होती.